सर्व्हरसाठी पीएचपी, नोड, पायथन की जावा? फरक नेमका कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजात पीएचपी शिकवलं, क्लासवाले नोड (म्हणजे सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) शिका म्हणतात, मामा जावाचा आग्रह धरतात. सर्व्हरवर चालणाऱ्या या भाषांत खरा फरक काय आणि कोणती धरायची? मी इथेच विजयनगरला एका छोट्या कंपनीत वेबचं काम करते आणि यातल्या बहुतेक भाषांतला कोड हाताखालून गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुलना करताना सगळे आधी व्याकरण बघतात. कुठे अर्धविराम लागतो, कुठे महिरपी कंस, कुठे नुसतीच जागा सोडायची. ते थोड्या सरावाने हातात बसतं. तुम्ही दोन गोष्टी बघा: ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की ती भाषा काय करते, आणि डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत मधल्या वेळात काय करते. होस्टिंगला किती पैसे लागतील, कोणत्या चुका छळतील, हे बरंचसं त्यावरून कळतं.

पीएचपीपासून सुरू करते, कारण तिला नावं ठेवणारे खूप आहेत. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी जी साधनं लिहिली त्यातून ती वाढली. तिच्याकडे प्रत्येक रिक्वेस्टला कोरी पाटी मिळते. स्क्रिप्ट सुरू होते, डेटाबेसशी बोलते, पान पाठवते आणि संपते. तिने घेतलेली मेमरी मोकळी होते. एका माणसाच्या रिक्वेस्टमधला व्हेरिएबल दुसऱ्याच्या रिक्वेस्टमध्ये येऊच शकत नाही. एक स्क्रिप्ट कोसळली तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं. म्हणूनच स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर एकाच मशीनवर ढीगभर साइट सुखाने नांदतात, आणि वर्डप्रेस (पीएचपीतलं साइट बनवायचं तयार साधन) इतकं पसरलं त्यातही या सोयीचा वाटा मोठा आहे. चॅटसारखं सतत उघडं राहणारं कनेक्शन हवं असेल तर मात्र ही रीत आड येते, वेगळी व्यवस्था लावावी लागते.

पीएचपी हळू आहे, ही तक्रारही आता जुनी झाली. डिसेंबर २०१५ मध्ये आवृत्ती ७ आली आणि कित्येक साइट ५.६ च्या जवळपास दुप्पट वेगाने चालू लागल्या. (६ कधी आलीच नाही, तिच्यात युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं मांडायची पद्धत) मुळापासून घालायचा बेत होता, तो सोडून द्यावा लागला.) २०२० च्या आवृत्ती ८ पासून शून्याची तुलना एखाद्या शब्दाशी केली तर उत्तर 'समान' येत नाही, आधी ते यायचं आणि त्यातून भयंकर बग निघायचे. जुन्या नोट्समध्ये 'मायएसक्यूएल क्वेरी' या नावाचं फंक्शन दिसलं तर त्या नोट्स बाजूला ठेवा, ते ७ मध्ये काढून टाकलंय. डेटाबेसशी बोलायला पीडीओ शिका, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत.

नोडचं सगळं उलट. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोमचं व्ही८ इंजिन घेऊन जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवली. इथे प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की चालूच राहतो आणि तुमचा कोड एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेत) धावतो. डेटाबेसला प्रश्न पाठवला की तो थांबून राहत नाही, पुढची रिक्वेस्ट घेतो. उत्तर आलं की मागचं काम पुढे नेतो. हजारो उघडी कनेक्शन सांभाळायला ही रीत फार चांगली. पण त्याच थ्रेडवर मोठी एक्सेल फाइल वाचायला घेतली तर ती संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. पीएचपीतून आलेल्यांना आणखी एक गोष्ट जड जाते: फाइलच्या वरच्या बाजूला ठेवलेला व्हेरिएबल सगळ्या वापरकर्त्यांचा मिळून एकच असतो. तिथे लॉगिन झालेल्याचं नाव ठेवलंत तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर उमटेल. हे मुलाखतीतही विचारतात.

जावातही प्रोग्रॅम चालूच राहतो, पण रिक्वेस्टमागे एक थ्रेड अशी जुनी पद्धत. हे थ्रेड महाग पडतात. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये हलके व्हर्च्युअल थ्रेड आले, त्यामुळे साधा, वाचायला सरळ कोड ठेवूनही खूप रिक्वेस्ट झेपतात. आकड्याच्या जागी मजकूर दिला अशा डेटाच्या प्रकाराच्या चुका कोड चालवण्याआधी, कंपाइल करतानाच पकडल्या जातात. बँका, विमा, मोठ्या टीम, वर्षानुवर्षं चालणारा कोड, तिथे याची खरी किंमत कळते.

पायथनमध्ये जँगो ही साइट बांधायची तयार चौकट घ्या. २००५ पासून आहे, आणि टेबलं लिहिली की माहिती भरायची अ‍ॅडमिनची पानं जवळपास आयती मिळतात. इंटरप्रिटरमधल्या 'गिल' या कुलुपामुळे साधारणपणे एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, म्हणून सर्व्हरवर अनेक प्रोसेस उभ्या करतात. पुढे डेटा किंवा एआयकडे वळायचं असेल तर हीच घ्या. गो ही भाषाही सुंदर आहे, तयार झालेली एकच फाइल सर्व्हरवर ठेवली की चालते. पण पहिली भाषा म्हणून नको. रूबी आणि सी शार्प या भाषांत मी शिरत नाही.

आता आपल्याला, मराठी-हिंदीत साइट करणाऱ्यांना, एक चाचणी आवर्जून सांगते. 'इंदूर' हा शब्द द्या आणि लांबी विचारा. पीएचपीचं 'स्ट्रलेन' आणि गोचं 'लेन' म्हणतील १५, कारण ते बाइट मोजतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेते. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट म्हणतील ५. वाचणाऱ्याला दिसतात ३: इं, दू, र. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली किंवा मजकूर मधेच कापला की कुठे अनुस्वार गळतो, कुठे अक्षराच्या जागी चौकोन येतो. पीएचपीत 'ग्राफीम स्ट्रलेन' आणि जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर' हे काम नीट करतात. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८एमबी४' निवडा. जुन्या तीन बाइटच्या 'यूटीएफ८'मध्ये मराठी नावं व्यवस्थित बसतात, म्हणून चाचणीत काही कळत नाही, आणि मग कोणीतरी चार बाइटचा इमोजी टाकतो, तो तिथे मावत नाही.

नोकरीबद्दल माझं मत असं: शहरातल्या छोट्या कंपन्या आणि स्वतःची कामं यांसाठी पीएचपी आणि तिच्यातली लाराव्हेल ही चौकट; सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिससारख्या ठिकाणी जायचं मनात असेल तर जावा. मामा चुकीचं सांगत नाहीत. क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी विचारा की डेटाबेस शिकवणार का आणि काम खऱ्या सर्व्हरवर चढवून घेणार का.

माझ्या मते तुम्ही आता पीएचपीच पुढे न्या. गल्लीतल्या गणेश मंडळासाठी देणगी पावतीची साइट करा: लॉगिन, मराठी नावं, रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात साठवलेली (फ्लोट प्रकारच्या दशांश अपूर्णांकात बेरजा चुकू शकतात), आणि पीडीएफ पावती. अनंत चतुर्दशीला झांक्यांचा (मिरवणुकीतल्या देखाव्यांचा) मार्ग बघायला सगळे एकाच वेळी तेच पान उघडतात, तेव्हा भाषा बदलून काही होत नाही. ते पान एकदा तयार करून कॅशमध्ये, म्हणजे पटकन देता येईल अशा तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचं असतं. साइट चालू झाली की फक्त पावतीचा भाग जावात पुन्हा लिहा, दोन्ही एकाच लिनक्स सर्व्हरवर चालवा आणि 'टॉप' कमांडने कोण किती मेमरी घेतं ते बघा.