झाडं पाडण्याच्या कामात खरा धोका कुठे असतो?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ झाडं पाडणाऱ्या टोळीत कामाला लागतोय, घरात सगळ्यांनी चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचा, धसका घेतलाय, तर हे काम खरंच इतकं जीवघेणं आहे का आणि त्याने कसली काळजी घ्यावी. मी या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काम जीवघेणं आहे, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेत व्यवसायवार मृत्यूंची आकडेवारी दरवर्षी निघते. 2022 साली तिथे सगळ्या व्यवसायांत मिळून दर 1 लाख कामगारांमागे 3.7 मृत्यू झाले, आणि लाकूडतोडीच्या कामात हाच आकडा 100च्या आसपास होता. यंत्रं, प्रशिक्षण, कायदे सगळं असलेल्या देशात ही स्थिती. पण तुमच्या घरच्यांनी भीती भलत्याच गोष्टीची धरलीय. चेनसॉने माणूस जखमी होतो, कधी कायमचा अधू होतो. मरतो तो बहुतेक वेळा झाडाखाली, नाहीतर वरून सुटलेल्या फांदीखाली. करवत निदान हातात असते आणि बटण सोडलं की थांबते. झाडाला बटण नाही.

म्हणून जाणत्या माणसाचं अर्धं काम करवत सुरू करण्याआधीच होतं. तो झाडाभोवती फिरतो आणि वर बघतो. वठलेल्या किंवा मोडून लोंबणाऱ्या फांद्या आहेत का? शेंडा कुठे कललाय, फांद्यांचा भार कोणत्या बाजूला जास्त आहे? वेलींनी शेजारच्या झाडाशी जखडलंय का? जवळून विजेची तार जाते का? मग कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकून पाहायचा. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ लाकूड भदभद वाजतं. बुंध्यावर अळंबी उगवली असेल तर आत कूज आहे असंच धरून चालायचं. करवत आत गेल्यावर भुसा काळपट आणि ओलसर येऊ लागला तरी तिथेच थांबून पुन्हा विचार करायचा.

त्यानंतर पळायची वाट. झाड ज्या दिशेला पाडायचं त्याच्या बरोबर मागे पळायचं नाही, कारण बुंधा उसळून मागेच येतो. मागे आणि बाजूला, साधारण 45 अंशांत, दोन्हीकडे एकेक वाट आधी साफ करून ठेवायची. झुडपं, दगड, दोर, काहीही पायात येता कामा नये. झाड हलू लागलं की करवतीचा मोह सोडून चालू पडायचं, आणि चालताना नजर वर. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहायचं, म्हणजे 20 मीटरचं झाड असेल तर 40 मीटर. उतारावर एकाच्या खाली दुसऱ्याने काम करायचंच नाही.

आता कापण्याबद्दल. पडायच्या बाजूला आधी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल. मग मागून काप घेत यायचं, पण पार खाचेपर्यंत नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची, जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. खोड 50 सेंटीमीटरचं असेल तर ही पट्टी 5 सेंटीमीटर. तिला आम्ही बिजागरी म्हणतो, आणि ती करतेही तेच: दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड या पट्टीवर वळत खाली येतं. ती शाबूत आहे तोवर झाड तुमच्या ताब्यात. नवखे लोक घाईत ती कापून टाकतात आणि मग झाड वाटेल तिकडे जातं. दुसरी नेहमीची गफलत खाचेतली. खाचेचे दोन काप एकाच रेषेत भेटायला हवेत. एक जरी पुढे घुसला तरी तिथे फट राहते, झाड पडता पडता ती फट लगेच मिटते आणि बिजागरी अवेळी तुटते. खाच किती उघडी ठेवता यालाही महत्त्व आहे. 45 अंशांची खाच झाड अर्ध्यावर आल्यावरच मिटते. 70 अंशांहून मोठी असेल तर बिजागरी जवळजवळ जमिनीपर्यंत साथ देते, म्हणून जागा असेल तिथे मी उघडी खाचच घ्यायला लावतो.

मागच्या कापात पाचर मारतात ती प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. लोखंडी पाचरेला साखळी लागली तर दात जातात आणि तुकडे उडतात. वठलेल्या झाडात मात्र पाचर ठोकताना प्रत्येक घाव शेंड्यापर्यंत पोचतो आणि वरची मेलेली फांदी नेमकी ठोकणाऱ्याच्या डोक्यावर येते. शिवाय मेलेल्या लाकडाचे धागे ठिसूळ, बिजागरी धरतच नाही. अशा झाडाला लांबून यंत्राने ओढून पाडणं शक्य असेल तर माणसाने जवळ जायचंच कशाला?

सगळ्यात दगाबाज प्रकार म्हणजे पुढे कललेलं झाड. बघणाऱ्याला ते सोपं वाटतं, आपोआप पडेल असं. पण त्याच्या पाठीवर प्रचंड ताण असतो. तुम्ही मागून कापत आलात की काप पुरा होण्याआधीच झाड निघतं, खोड उभं चिरत वर जातं आणि मागचा अर्धा भाग उसळतो, थेट कापणाऱ्याच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर. मग तो वरून खाली कोसळतो. पळायला वेळच मिळत नाही. यावर इलाज आहे. खाच घेतल्यावर करवतीचं पातं बाजूने आरपार घालायचं, आधी बिजागरी नीट घडवायची, पाठीमागे थोडं लाकूड न कापता ठेवायचं आणि पळायची वाट पुन्हा एकदा बघून ते शेवटी कापायचं. झाड तेव्हा एकदम निघतं, पण चिरत नाही. ही पद्धत पुस्तकातून शिकायची नाही, जाणत्याच्या शेजारी उभं राहून आडव्या ओंडक्यावर हात बसवायचा.

कारण आरपार काप घेताना पात्याचं टोक वापरावं लागतं, आणि करवतीचा स्वतःचा सगळ्यात मोठा धोका त्या टोकातच आहे. टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला की करवत क्षणात उलटून अंगावर येते. म्हणून सुरुवात नेहमी टोकाच्या खालच्या भागाने करायची. पुढच्या मुठीभोवती डाव्या हाताचा अंगठा वळवलेलाच हवा. साखळीचा ब्रेक रोज सकाळी तपासायचा, आणि खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. पँट खास चेनसॉच्या कामाचीच असावी. तिच्यात लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. तिच्या दर्जाप्रमाणे 20, 24, 28 मीटर प्रतिसेकंद असे वेग ठरलेले असतात, त्या वेगाची साखळी ती थांबवते असं तपासलेलं असतं. एकदा कापली गेलेली पँट शिवून पुन्हा वापरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. बॅटरीवरच्या करवतीची मोटर जोरदार असते, तेव्हा पँटच्या भरवशावर राहू नये. हेल्मेट, तोंडावरची जाळी आणि कानाचं संरक्षण यावर वाद नकोच, करवतीचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. थरथरीने बोटं पांढरी आणि बधिर पडायला लागली तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका, तो या कामाचा ओळखीचा आजार आहे.

पडलेलं झाडही शांत नसतं. वाकून दबलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली, दुसरी दाबलेली असते. दाबलेल्या बाजूने थोडं थोडं कापून मगच ताणाच्या बाजूला जायचं. वादळाने मुळासकट उलटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा तो मातीसकटचा गड्डा उभा होऊन जागच्या जागी आपटू शकतो, त्याच्या मागे किंवा खड्ड्यात कुणी असता कामा नये. झाडावर चढून करायचं काम तर वेगळीच विद्या आहे. कापताना दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेलं असायला हवं, आणि वर चढून माणूस उतरवू शकेल असा दुसरा गडी खाली साहित्यासह तयार हवा. नुसता दोर धरणारा चालत नाही.

आता तुमच्या भावाच्या टोळीबद्दल. टोळी कशी आहे हे ओळखायची माझी एकच खूण आहे. पडता पडता दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाचं ती काय करते ते बघा. दिसायला ही क्षुल्लक अडचण असते. पण ते झाड कधी, कुठून आणि कोणत्या दिशेला सुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. तरी लोक त्याच्या खाली जातात. ज्या झाडाने त्याला धरलंय तेच कापतात. वरून आणखी एक झाड त्याच्यावर पाडतात. बुंध्याचे तुकडे कापत ते उभं करत जातात, कुणी तर खोडावर चढून हेलकावे देतो. यांतलं काहीही दिसलं तर भावाने तिथून निघावं. शहाणी टोळी लांब दांड्याच्या आकड्याने खोड फिरवून बघते, नाहीतर विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, बुंधा मागे ओढते, तेही दोराच्या पल्ल्याबाहेर उभं राहून. दोन्ही जमलं नाही तर जागा पट्ट्या बांधून बंद करते आणि योग्य यंत्र येईपर्यंत जेवायला जाते. माणूस हे का टाळतो तेही सांगतो: मजुरी झाडामागे असते, दिवस मावळत आलेला असतो आणि चार जण बघत असतात. म्हणून मजुरी दिवसावर आहे की झाडावर, हेही त्याने विचारून घ्यावं.

बाकी दोन-तीन गोष्टी पटकन. एकट्याने करवत चालवायची नाही, अगदी छोट्या झाडालाही. रक्त थांबवायचा पट्टा पेटीत नको, प्रत्येकाच्या कमरेला हवा आणि एका हाताने बांधायचा सराव हवा. कामाच्या जागेचा पत्ता, रुग्णवाहिका कुठपर्यंत येईल आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते हे सकाळीच सगळ्यांना माहीत हवं. जोराचा वारा सुटला तर काम बंद. मुकादम हे ऐकून हसला तर त्या दिवशीचं काम सोडून दुसरीकडे चौकशी करावी, अशा टोळ्यांना माणसं कायम कमीच पडत असतात.