शाखांमधली यंत्रं आणि प्रॉक्सींचा गट

प्रश्न: पतसंस्थेच्या शाखांमधले स्विच, प्रिंटर झॅबिक्स ७.० ने (नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवणारी प्रणाली) आपोआप शोधायचे आहेत. सगळे प्रॉक्सी (यंत्रांची माहिती गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारे मदतनीस) एकाच गटात टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नको हो. गटातला एक प्रॉक्सी बंद पडला की त्याची यंत्रं दुसरा सांभाळतो, हे झकासच. पण त्यासाठी प्रत्येक प्रॉक्सीला प्रत्येक यंत्र गाठता यायला हवं. दोन शाखांत १९२.१६८.१.० हाच आयपी पत्त्यांचा पट्टा असेल (असणारच, पैज लावतो!), तर तासगावच्या प्रिंटरची शाई विट्याच्या नावावर दिसेल. शिवाय शोधाचा नियम (कुठल्या पत्त्यांवर यंत्रं शोधायची ते सांगणारा) गटाला देताच येत नाही. सर्व्हर किंवा एक ठरावीक प्रॉक्सीच निवडावा लागतो. म्हणून शाखेगणिक एक प्रॉक्सी, एक नियम. गट हवाच तर मुख्य कार्यालयात करा. एसएनएमपी ट्रॅप (यंत्रं स्वतःहून पाठवतात ते इशारे) मात्र गटाबाहेरच्या प्रॉक्सीकडे पाठवा. गटात ते चालत नाहीत.