नोकरी सांभाळून ऑनलाइन एमपीए: कर्ज काढावे की पदरमोड करावी?

प्रश्न: मी अमेरिकेत एका कौंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक शासनाच्या) अर्थसंकल्प विभागात सहा वर्षांपासून विश्लेषक आहे. वय 38, आम्ही दोघेही ग्रीन कार्डधारक, मुलगी नऊ वर्षांची. माझा वार्षिक पगार 78,000 डॉलर, पतींचा 92,000. निवृत्तीसाठी मी 457(बी) मध्ये वर्षाला 7,000 आणि ते 401(के) मध्ये 9,000 डॉलर भरतो; दोन्ही नोकरीतून मिळणाऱ्या, करवजावटीच्या बचत योजना आहेत. बँकेत 14,000 आहेत, घरखर्च महिन्याला 6,000. मला 36 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ऑनलाइन मास्टर ऑफ पब्लिक अफेअर्स, म्हणजे एमपीए, ही पदवी तीन वर्षांत करायची आहे. शुल्क दर क्रेडिटला 750, म्हणजे एकूण 27,000 डॉलर. कौंटी वर्षाला 3,000 पर्यंत शुल्क परत देते, पण बी श्रेणी मिळवावी लागते आणि शेवटचा परतावा मिळाल्यावर दोन वर्षे नोकरी सोडता येत नाही. सगळ्या रकमेचे सरकारी कर्ज घ्यावे, दहा वर्षांनी ते माफ होईलच, आणि तोवर 457(बी) बंद ठेवावे असा विचार आहे. वरिष्ठ विश्लेषक झाल्यास पगार 6,500 डॉलरने वाढेल. हा बेत योग्य आहे का?

उत्तर: पदवी घेण्याला माझी हरकत नाही, हरकत आहे ती पैसे उभे करण्याच्या मार्गाला. तुमच्या बेताचा सगळा डोलारा कर्जमाफीवर उभा आहे, आणि तुमच्या बाबतीत माफ होण्यासारखे काही उरणारच नाही.

पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस ही सार्वजनिक सेवेतल्यांचे शिक्षणकर्ज माफ करणारी योजना 2007 पासून आहे आणि कौंटीची पूर्णवेळ नोकरी तिच्यात बसते, इथपर्यंत तुमचे बरोबर आहे. पण 120 पात्र मासिक हप्ते भरल्यानंतर जी बाकी शिल्लक असेल तीच माफ होते, आणि बाकी शिल्लक राहायची तर हप्ता उत्पन्नाच्या मानाने लहान असावा लागतो. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार 1 जुलै 2026 पासून घेतलेल्या कर्जांना उत्पन्नावर आधारलेली एकच परतफेड योजना लागू होते, ती म्हणजे रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. तीत एक लाखावरच्या उत्पन्नाला दहा टक्के हा दर आहे. तुम्ही दोघे कराचे विवरणपत्र एकत्र भरत असाल, तर निवृत्तीच्या वजावटी जाऊन तुमचे उत्पन्न 1,54,000 च्या घरात येते. त्याचे दहा टक्के 15,400, आणि मुलीमागे महिन्याला 50 डॉलरची सूट धरूनही हप्ता सुमारे 1,230 डॉलर बसतो. त्या गतीने 27,000 चे कर्ज दोन वर्षांच्या आसपास फिटते. विवरणपत्रे वेगवेगळी भरून हप्ता कमी करता येतो, परंतु तसे केल्यास शिक्षणाशी निगडित करसवलतींवर पाणी सोडावे लागते. ज्यांच्या डोक्यावर पगाराइतके किंवा त्याहून मोठे कर्ज आहे, त्यांच्यासाठी ही योजना वरदान आहे. तुमच्यासाठी ती फक्त व्याज भरण्याचे निमित्त ठरेल. हे व्याजही थोडे नाही: 2025-26 या शैक्षणिक वर्षात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाचा दर 7.94 टक्के होता, आणि शिकत असताना हप्ता लांबणीवर पडला तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहते. शिवाय लांबणीवर पडलेले ते महिने 120 मध्ये धरले जात नाहीत.

457(बी) बंद करण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. तुम्ही 22 टक्क्यांच्या करटप्प्यात आहात, त्यामुळे 7,000 थांबवल्यावर हातात पडतील ते फक्त 5,460, राज्याचा कर असल्यास त्याहूनही कमी. दुसरे असे की, लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही शिक्षणशुल्कावरची करसवलत एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांना 1,60,000 उत्पन्नापासून कमी होऊ लागते आणि 1,80,000 ला संपते. आज तुम्ही त्या रेषेच्या आत आहात ते याच गुंतवणुकीमुळे. ती थांबवली की 1,61,000 वर जाल, आणि पुढच्या पगारवाढीनंतर आणखी वर.

आता पदरमोड किती करावी लागेल ते पाहू. ही सवलत वर्षाला 10,000 डॉलरपर्यंतच्या शुल्कावर 20 टक्के मिळते आणि ती थेट करातून वजा होते. कौंटीकडून परत येणारे पैसे वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त असतात, मात्र तेवढ्या शुल्कावर पुन्हा सवलत मागता येत नाही. तुम्ही जानेवारीत सुरुवात करून तिसऱ्या डिसेंबरात संपवलेत, तर कौंटीकडून तीन वेळा मिळून 9,000 येतील, उरलेल्या 18,000 वर 3,600 ची सवलत मिळेल आणि खिशातून 14,400 जातील. तोच अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये सुरू केला, तर ती तीन वर्षे चार कॅलेंडर वर्षांवर पसरतात. कौंटीचे 12,000, उरलेल्या 15,000 वर सवलत 3,000, आणि खिशातून 12,000. अभ्यास तेवढाच, विद्यापीठ तेच, आणि फरक 2,400 डॉलरचा.

अर्थात, कौंटी आपली वार्षिक मर्यादा कोणत्या तारखेने मोजते यावर हे सगळे अवलंबून आहे. परतावा श्रेणी लागल्यावर मिळतो, त्यामुळे डिसेंबरात संपलेल्या सत्राचे पैसे जानेवारीत येतात. मर्यादा पैसे देण्याच्या तारखेने किंवा जुलै ते जून अशा आर्थिक वर्षाने मोजली जात असेल, तर वरचा हिशेब बदलेल. मनुष्यबळ विभागाकडून याचे उत्तर लेखी घ्या. वसंत सत्राचे बिल डिसेंबरात न भरता जानेवारीत भरा, म्हणजे ते त्या वर्षाच्या सवलतीत धरले जाईल.

परतावा मागाहून येत असल्याने ऑगस्टमध्ये 4,500 डॉलर आधी तुम्हालाच भरावे लागतील. बँकेतल्या 14,000 ला, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांच्या घरखर्चाला, त्यासाठी हात लावू नका. आत्तापासून महिन्याला 500 डॉलर वेगळ्या खात्यात टाका. पुढच्या दोन जड वर्षांतली पदरमोड वर्षाला 6,000, म्हणजे बरोबर तेवढीच आहे. पहिल्या सत्राला रक्कम अपुरी पडली, तर एकच विषय घेऊन सुरुवात करा.

वेळेचा हिशेब पैशांपेक्षा कठीण आहे. एका क्रेडिटला आठवड्याला वर्गाचा एक तास आणि बाहेरच्या अभ्यासाचे दोन, असा अमेरिकेतला सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे दोन विषयांचे सहा क्रेडिट घेतले की आठवड्याचे अठरा तास गेले. अर्थसंकल्प विभागात वसंत ऋतू कसा जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या सत्रात एकच विषय घ्या आणि दुसरा उन्हाळ्यात करा. कॅलेंडर वर्षाचा हिशेब त्याने बिघडत नाही. बी श्रेणी हुकली तर त्या विषयाचे 2,250 डॉलर पूर्णपणे तुमच्या अंगावर येतील.

वाढीव 6,500 मधून कर आणि सोशल सिक्युरिटी जाऊन हातात सुमारे 4,300 येतील, म्हणजे 12,000 वसूल व्हायला पावणेतीन वर्षे; पण ती पदवीच्या दिवसापासून नव्हे, बढतीच्या दिवसापासून मोजायची. वरिष्ठ विश्लेषकाच्या जाहिराती नीट वाचा. ‘पदव्युत्तर पदवी किंवा समकक्ष अनुभव’ असे शब्द असतील, तर सहा वर्षांच्या अनुभवावर तुम्ही आजही अर्ज करू शकता, आणि मी तुमच्या जागी असतो तर आधी तोच अर्ज केला असता. पदवी अनिवार्य असेल, तर कार्यक्रमाला एनएएसपीएए या, अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते तपासा. मन अजून डळमळत असेल, तर बारा-पंधरा क्रेडिटचे पदव्युत्तर प्रमाणपत्र, जे पुढे पदवीत धरले जाते, हा मधला मार्ग बऱ्याच विद्यापीठांत खुला असतो.

दोन वर्षांच्या अटीकडेही लक्ष द्या. शेवटचा परतावा मिळाल्यापासून ती मोजली जाणार असेल, तर अभ्यासाची तीन आणि नंतरची दोन, अशी पाच वर्षे तुम्ही या कौंटीशी बांधल्या जाता. मध्येच राज्य सरकारात चांगली जागा मिळाली, तर सगळी रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हा प्रश्न त्याच लेखी विचारणेत घाला. सगळी परत करायची असेल, तर प्रत्येक परतावा स्वीकारताना ती रक्कम अजून पुरती तुमची झालेली नाही असे धरून चाला आणि बँकेतली शिल्लक त्या बेताने वाढवत ठेवा.