घासण्याआधी भिजवा : ओव्हनच्या सफाईचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की माळ्यावरच्या डब्यांबरोबर ओव्हनकडेही लक्ष जातं आणि माझ्याकडे दुरुस्तीपेक्षा सफाईच्याच शंका जास्त येतात. बऱ्याच जणांच्या उपयोगी पडतील अशा काही निवडल्या आहेत.

प्रश्न : पनीर टिक्का आणि तंदुरी चिकन करून करून आमचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आतून तपकिरी-काळा झाला आहे. व्हिडिओत दाखवतात तसा खाण्याचा सोडा पसरून वर व्हिनेगर ओतलं. फेस भरपूर आला, डाग तिथेच. हार्डवेअरच्या दुकानातून कॉस्टिक सोडा आणू का? (पुणे)

उत्तर : आणू नका. त्याचं कारण पुढे सांगतो, आधी फेसाचं बघू. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं ते नुसतं खारट पाणी. व्हिडिओत छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळ्या वेळी वापरा : सोडा चिकट्यासाठी, आणि तो पुसल्यावर राहणारे पांढरे ओघळ काढायला शेवटी व्हिनेगरचं फडकं.

आता तो काळा थर म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे निम्मी मेहनत वाचेल. बिडाचा नवा तवा वापरात आणताना आपण तेल लावून तो तापवतो आणि त्यावर काळा, चिवट लेप चढवतो. ओव्हनच्या भिंतींवर उडालेल्या तेलाचं नेमकं तेच होतं. तव्यावर जो लेप आपण जपतो तो ओव्हनमध्ये नको असतो, पण चिवटपणा तोच. म्हणून नुसत्या जोरावर तो निघत नाही, त्याला भिजायला वेळ द्यावा लागतो.

सोडा लावण्याआधी भिंत कशाची आहे ते ओळखा. आतला पत्रा काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत, गडद राखाडी किंवा काळा आणि बऱ्याचदा बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा असेल तर ते इनॅमल. त्यावर सोड्याची दाट पेस्ट रात्रभर ठेवली तरी चालते. पण आपल्याकडच्या पुष्कळ ओटीजींत भिंत रुपेरी असते, म्हणजे पत्र्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा. कॉस्टिक सोडा हे दोन्ही धातू खातो, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, शिवाय हात आणि डोळे भाजण्याची भीती वेगळीच. धुण्याचा सोडाही इथे नको. खाण्याचा सोडासुद्धा रुपेरी भिंतीवर वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवला तर ती काळवंडू शकते. बाजारातल्या ओव्हन क्लीनरच्या डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं दिसलं, तर तो कॉस्टिकच समजा.

रुपेरी भिंतीसाठी मी असं करतो. रिकामा ओव्हन पाच मिनिटं तापवायचा, बंद करून प्लग काढायचा आणि हात लावता येईल इतका कोमट होऊ द्यायचा. भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या गरम पाण्यात जुनं सुती फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि तळाला, भिंतींना चिकटवून ठेवायचं. अर्ध्या तासाने फडकं उचललं की त्यावर चहाच्या रंगाचा डाग उमटलेला दिसतो. थर सुटायला लागल्याची ती खूण. मग जुनं एटीएम कार्ड आडवं धरून खरवडा, पुसा, पुन्हा फडकं चिकटवा. तारेची घासणी नको. तिच्याने मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. दोनतीन वेळा करूनही हलकी तपकिरी छटा उरेल. ती राहू द्या, तिच्याने पदार्थ बिघडत नाही.

जाळ्या आणि खालचा चुऱ्याचा ट्रे मात्र बाहेर काढून टबात, साबणाच्या कडकडीत पाण्यात रात्रभर बुडवा आणि सकाळी काथ्याने घासा. ॲल्युमिनियमचा ट्रे असेल तर साध्या साबणापुढे जाऊ नका.

सगळं झाल्यावर दार उघडं ठेवून पूर्ण वाळवा. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून रिकामा ओव्हन पंधरा मिनिटं १५० अंशांवर चालवा, मगच नानकटाईला हात घाला.

प्रश्न : वरच्या रॉडवर तूप उडालं आहे, चालू केला की धूर येतो. रॉड कसा धुवायचा? (नागपूर)

उत्तर : धुवायचाच नाही. थंड असताना कोरड्या फडक्याने अलगद टिपून घ्या, मग ओव्हन रिकामा ठेवून सर्वांत जास्त तापमानाला दहा मिनिटं चालवा. उरलेलं तूप जळून जाईल. खिडकी उघडी ठेवा आणि तिथेच उभे राहा. रॉडच्या दोन्ही टोकांना, जिथे तो भिंतीत जातो तिथे, ओलं फडकं जाऊ देऊ नका. टेबलावर येणारे शॉक मारणारे ओटीजी बरेचदा याच जागी पाणी गेल्यामुळे आलेले असतात.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये सुकटीचं कालवण गरम केल्यापासून वास जात नाही. आता उजव्या बाजूला ठिणग्याही उडतात. दोन्हींचा संबंध आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : असणार. मायक्रोवेव्हच्या आत, बहुधा उजव्या भिंतीला, पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक करडी-तपकिरी पट्टी असते. ती अभ्रकाची असते आणि तिच्यामागून लहरी आत येतात. बरेच लोक ती पॅकिंगचा पुठ्ठा समजून उपटून काढतात. तसं करू नका. तिच्यावर कालवण, तेल उडालं आणि पुसलं गेलं नाही, तर ते जळून कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी पडते. आधी वापर थांबवा. ओलसर फडक्याने पट्टी हलक्या हाताने पुसा, घासू नका, आणि पूर्ण वाळू द्या. मध्ये काळं भोक किंवा जळका डाग दिसला तर पट्टी बदला. पार्ट मिळणाऱ्या दुकानात अभ्रकाचा पत्रा मिळतो, तो जुन्या पट्टीच्या मापाने कात्रीने कापता येतो. पट्टी चांगली असूनही ठिणग्या येत असतील तर भिंतीवरचा रंग कुठे उडाला आहे का ते बघा. उघडा, गंजका पत्राही ठिणगी देतो.

वासासाठी काचेच्या बाऊलमध्ये कपभर पाणी आणि अर्ध्या लिंबाच्या फोडी घाला, त्यात लाकडी चमचा उभा ठेवा आणि चार मिनिटं चालवा. चमचा शोभेसाठी नाही. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कधी कधी न उकळताच उकळबिंदूच्या वर तापतं आणि हात लावताच उसळतं. चमच्यामुळे बुडबुडे धरतात. नंतर पाच मिनिटं दार बंद ठेवा, म्हणजे वाफ थर मऊ करते, आणि मग पुसा. वास मात्र दिसणाऱ्या भिंतींत नसतो. फिरत्या ताटलीखालच्या चाकांच्या रिंगेत, छतावर आणि दाराच्या कडेला बघा. सुकटीचा कण तिथे सापडेल. रात्रभर आत उघड्या वाटीत कोरडा खाण्याचा सोडा ठेवा.

एक ताकीद : सफाईसाठी मायक्रोवेव्हचं बाहेरचं आवरण कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, २००० व्होल्टच्या आसपास काम करतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते. जीव जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्या घरच्या ओव्हनला सेल्फ-क्लीनचं बटण आहे, कधी वापरलं नाही. पुढच्या आठवड्यात सासूबाई भारतातून येतायत, त्याआधी वापरू का? घरात लव्हबर्ड्स आहेत. (न्यू जर्सी)

उत्तर : पाहुणे यायच्या तोंडावर नको. या बटणाने ओव्हन सुमारे ९०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४८० सेल्सिअसच्या आसपास तापतो, दार आपोआप लॉक होतं आणि काही तासांत सगळ्या थराची राख होते. हे तापमान ओव्हनलाही जड जातं. जुन्या ओव्हनचा फ्यूज याच वेळी उडाल्याची आणि दार लॉक राहिल्याची तक्रार नवी नाही. सासूबाई गेल्यावर निवांत करा.

करताना जाळ्या, ट्रे, फॉइल सगळं बाहेर काढा. क्रोमच्या जाळ्या आत राहिल्या तर काळवंडतात आणि नीट सरकत नाहीत. तळाला साचलेलं तेल आधी पुसून घ्या, नाहीतर धूर होईल, आगही लागू शकते. या ओव्हनमध्ये क्लीनरचा स्प्रे अजिबात नको. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. पक्ष्यांचा पिंजरा मात्र दुसऱ्या खोलीत नव्हे, शेजाऱ्यांकडे न्या. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. नॉनस्टिकच्या टेफ्लॉनसारखे लेप इतक्या उष्णतेला वायू सोडतात आणि त्याने घरातले पक्षी दगावतात.

प्रश्न : मायक्रोवेव्हच्या घड्याळाच्या काचेमागे झुरळ फिरताना दिसतं! स्प्रे मारू का? (ठाणे)

उत्तर : मारू नका. स्प्रे पेट घेऊ शकतो, शिवाय आत अन्न ठेवायचं आहे. घड्याळ चालू असलं की पॅनलमागे चोवीस तास ऊब असते आणि झुरळांना ती फार आवडते. पॅनल उघडल्यावर सर्किटवर काळ्या कणांचा सडा सापडतो. तो ओलसर झाला की बटणं आपोआप दाबल्यासारखी वागतात.

वापर झाला की भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय लावा. ओव्हन भिंतीपासून पुढे ओढून खालचा, मागचा चुरा झाडा. झुरळांच्या जेलचे ठिपके ओट्याच्या फटीत, सिंकखाली लावा, ओव्हनच्या झरोक्यात नाही. आणि वर घातलेलं ते क्रोशाचं कव्हर काढा. त्याने झरोके बुजतात, ओव्हन आतून तापतो आणि झुरळांना अंधारी जागा मिळते. त्यावर लोणच्याच्या बरण्या असतील तर त्याही उतरवा. आत गेलेली झुरळं मेकॅनिककडून पॅनल उघडून साफ करून घ्यावी लागतील. त्याला येण्याआधीच फोनवर कारण सांगा, म्हणजे तो ब्रश आणि ब्लोअर घेऊन येईल.