तुमचे प्रश्न : खुशबूची इडली, खुशबूचं जाकेट

मागच्या अंकात चेन्नईतल्या पश्चिम मांबलमच्या भाजीबाजाराबद्दल लिहिताना तमिळ सिनेमातल्या खुशबूचं नाव ओझरतं आलं आणि या वेळी निम्मी पत्रं तिच्यावरच आली. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी 1990 मध्ये चेन्नईला गेले आणि 18 वर्षं तिथेच राहिले. तेव्हा ते मद्रास होतं. त्यामुळे या विषयावर बोलायला मला आवडतंच. घ्या.

ताई, खुशबू मूळची मुंबईची, हे खरं का? तमिळ लोक भाषेच्या बाबतीत एवढे कडवे, मग तिला आपलं कसं मानलं?
*– एक वाचक, नाशिक*

खरं आहे. 1970 मध्ये मुंबईत एका मुसलमान कुटुंबात तिचा जन्म झाला. मूळ नाव नखत खान. तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर लहानपणीची खुशबू तुम्ही पाहिलीही आहे. ‘द बर्निंग ट्रेन’मधल्या मुलांत ती आहे, आणि ‘दर्द का रिश्ता’त (1982) सुनील दत्तची रक्ताचा कर्करोग झालेली मुलगी तीच. मोठी झाल्यावर हिंदीत फारसं जमलं नाही. 1986 मध्ये तेलुगूत वेंकटेशबरोबर ‘कलियुग पांडवुलु’, 1988 मध्ये तमिळमध्ये ‘धर्मत्तिन तलैवन’, पुढच्या वर्षी फाझिलचा ‘वरुषम 16’, आणि मग 1991 मध्ये पी. वासूंचा ‘चिन्न तंबी’. त्याने सगळं बदललं.

‘चिन्न तंबी’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्याचाच हिंदीत ‘अनाडी’ झाला, करिश्मा कपूर आणि वेंकटेशचा. तीन भावांनी काचेच्या भांड्यासारखी जपलेली बहीण, आणि मंगळसूत्र म्हणजे काय हेही न कळणारा भोळा गवई. त्या भूमिकेसाठी तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. पण पडद्यावर जो गोड तमिळ आवाज ऐकू येतो तो तिचा नव्हे. सुरुवातीच्या चित्रपटांत तिला दुसऱ्यांचा आवाज देत असत. परप्रांतातून आलेल्या नट्यांबाबत तिथे ही रीतच आहे. चेहरा उत्तरेचा आणि आवाज स्टुडिओतल्या कुणा बाईचा, जिचं नाव प्रेक्षकाला कधी कळत नाही.

कडवेपणाचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. तमिळमध्ये आपल्या ‘ळ’सारखे दोन ‘ळ’ आहेत. एक थेट आपला. दुसऱ्याला जीभ आणखी मागे वळवावी लागते, आणि ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी नेमका तोच. मला तो शेवटपर्यंत जमला नाही. वाळप्पळम, म्हणजे केळी, मागताना केळेवाला दर वेळी गालात हसायचा. पण केळी द्यायचा, आणि एखादं वर. शेजारच्या मामी म्हणायच्या, “बोला हो, खुशबूही असंच बोलते. गोड लागतं.” बोलायचा प्रयत्न करणाऱ्याला ते लोक सांभाळून घेतात. न करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तिचं देऊळ बांधलं होतं म्हणतात. थापा ना?
*– एक वाचक, इचलकरंजी*

तिरुचिरापल्लीच्या चाहत्यांनी बांधलेल्या देवळाची कहाणी तिच्यावरच्या दर दुसऱ्या लेखात येते. मी देवळापेक्षा इडलीवर जास्त विश्वास ठेवते, कारण ती मी खाल्ली आहे. हॉटेलच्या पाटीवर सरळ लिहिलेलं असायचं, खुशबू इडली. उकड्या तांदळाबरोबर साबुदाणा भिजवून वाटतात, त्याने इडली गुबगुबीत, पांढरीशुभ्र आणि बोट लावलं की दबून पुन्हा वर येणारी होते. (साबुदाणा असला तरी उपवासाला चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवते; पत्रं येतील.) नट्या तेव्हा हळूहळू बारीक होऊ लागल्या होत्या, आणि ही बाई मात्र गोल गालांची. इडलीला तिचं नाव देण्यात थोडी चावट थट्टा होती, पण जीवही होता.

एवढी मोठी नायिका टीव्हीवर खेळ घ्यायला आली, म्हणजे उतरतीच ना?
*– एक वाचक, सोलापूर*

नाही, आणि इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. तमिळ टीव्हीला आपण हिंदीच्या चष्म्यातून बघतो. तिथे सिनेमातल्याच राधिकाने ‘चित्ती’ मालिकेतून (1999) घराघरांतली संध्याकाळ ताब्यात घेतली होती, आणि तशीच नायिका रम्या कृष्णन सन टीव्हीवर ‘तंग वेट्टै’ हा खेळ घ्यायची. टीव्ही म्हणजे अडगळ नव्हती, दुसरं सिंहासन होतं.

खुशबूचा कार्यक्रम ‘जॅकपॉट’, जया टीव्हीवर. खेळ साधा होता, आणि खरं सांगायचं तर खेळाकडे आमच्या इमारतीतल्या बायकांचं लक्षच नसायचं. लक्ष तिच्या ब्लाउजवर. तमिळमध्ये साडीवरच्या ब्लाउजला ‘जाकेट’ म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. मी शिंप्याला सांगत होते, एवढ्या उकाड्यात जाकेट कशाला? तर दर भागाला नवं जाकेट. कधी बाहीवर आरसे, कधी पाठीवर देवळाच्या गोपुरासारखी नक्षी, कधी दोरीला लटकणारे मोती. आमचा शिंपी कार्यक्रम बघताना कॅलेंडरचं फाडलेलं पान मांडीवर घेऊन बसायचा आणि जाहिरात लागली की जाकेटच्या पाठीची नक्षी काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी गेलं की विचारणार, “कुठलं? या आठवड्याचं की मागच्या?” मीही एक शिवून घेतलं, मोराच्या बाहीचं. पुण्याच्या एका लग्नात घातलं तर सासूबाई म्हणाल्या, मोर बसलाय की चिकटवलाय? अजून कपाटात आहे. आता होत नाही.

पण कपड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. या कार्यक्रमात तिचा स्वतःचा आवाज होता. थोडा घोगरा, उच्चार अडखळते, अधेमधे इंग्रजी. प्रेक्षकांनी तिला पाहिलं होतं आधीच. ऐकलं ते दर आठवड्याला दिवाणखान्यात. सिनेमाने तिला चेहरा दिला असेल, ओळख टीव्हीने दिली, असं माझं मत. तुम्हाला पटो न पटो.

2005 मध्ये तिच्यावर खटले झाले होते ते कशावरून? काय बोलली होती एवढं?
*– एक वाचक, ठाणे*

सप्टेंबर 2005 मध्ये ‘इंडिया टुडे’ने शहरांतल्या लैंगिक सवयींबद्दल पाहणी छापली, तीत तिचं मत घेतलं होतं. ती म्हणाली, मुलींनी लग्नाआधी संबंध ठेवले तर गर्भधारणा आणि रोग यांची काळजी घ्यावी. आणि शिकलेल्या पुरुषाने बायको कुमारिकाच असावी अशी अपेक्षा धरू नये. बस. एवढंच.

तमिळमध्ये ‘कर्पु’ हा शब्द आहे. पातिव्रत्य म्हणा, शील म्हणा. या शब्दाच्या मागे कण्णगी उभी असते, ‘सिलप्पदिकारम’ या प्राचीन तमिळ महाकाव्यातली पतिव्रता, नवऱ्याला अन्यायाने मारलं म्हणून मदुरै जाळणारी. तमिळ स्त्रीच्या कर्पुवर शिंतोडे उडवले म्हणून पट्टाळी मक्कळ कट्चीसारखे पक्ष रस्त्यावर आले. झाडू, चपला, पुतळे जाळणं, सगळं झालं. तिने माफी मागितली, तरी गावोगावच्या कोर्टांत फिर्यादी पडत राहिल्या. गंमत बघा, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचा कण्णगीचा पुतळा 2001 च्या डिसेंबरात हटवला होता, तो 2006 मध्ये परत बसला. म्हणजे कण्णगीच्या नावाने शहर पेटलं तेव्हा तिचा चौथरा रिकामाच होता.

मामींचं आणि माझं तेव्हा पहिल्यांदा वाजलं. त्या म्हणाल्या, “आमच्या मुलींबद्दल तिने बोलायचं कारण नव्हतं.” ‘आमच्या’वर जोर होता. जिचे अडखळते उच्चार गोड लागायचे, ती एका वाक्यात परकी झाली. मग मी कोण, हे मी विचारलं नाही. चार दिवस डबे मात्र इकडून तिकडे गेले नाहीत. पाचव्या दिवशी मामींनी रसम पाठवलं.

मद्रास उच्च न्यायालयाने फिर्यादी रद्द करायला नकार दिला. शेवटी 28 एप्रिल 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या, म्हणजे 23, रद्द केल्या. मत मांडणं हा गुन्हा नाही, आणि समाजाची नीती व फौजदारी कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा आशय. मधल्या काळात, 2007 मध्ये, तिने तमिळ समाजसुधारक पेरियारांवरच्या ‘पेरियार’ चित्रपटात त्यांच्या पत्नीची, मणियम्मैची, भूमिका केली. बायकांवर लादलेल्या कर्पुची पेरियारांनी कितीतरी दशकं आधी सालटं काढली होती, तेव्हा ही निवड मला फार चोख वाटली.

राजकारणात तिचं काय चाललंय?
*– एक वाचक, पणजी*

2010 मध्ये द्रमुक, 2014 मध्ये काँग्रेस, 2020 मध्ये भाजप. 2021 मध्ये चेन्नईतल्या थाउजंड लाइट्स मतदारसंघातून विधानसभेला हरली, 2023 मध्ये राष्ट्रीय महिला आयोगावर नेमणूक झाली, 2024 मध्ये तिने ते पद सोडलं. यापलीकडे माझ्या सदरात राजकारण नको, संपादक ओरडतात.

तमिळ शिकतेय. खुशबूचं आधी काय पाहू?
*– एक वाचक, पुणे*

‘चिन्न तंबी’ पाहा, मग ‘जॅकपॉट’चा एखादा जुना भाग मिळाला तर तो. दोन्हीकडे डोळे मिटून दोन मिनिटं ऐका. दोन वेगळ्या बायका वाटतील. दुसरीचे उच्चार उचलू नका. पण केळी मागायला तेवढे पुरतात.