नवीन घेतलेल्या पूल क्यूची कारागिरी कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की एक जुना पूल क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, विकत घेतलाय, चार पॉइंटचा (मुठीकडच्या भागावर वर निमुळत्या होत जाणाऱ्या वेगळ्या लाकडाच्या चार पट्ट्या), विकणारा 'हँडमेड' म्हणतो; पण टेबलावर लोळवला तर टोक थरथरतं, आणि क्लबातल्या कुणीतरी लगेच "गंडलास" म्हणून मोकळं केलं. या 'कुणीतरी'ला मी ओळखतो. तुमच्या क्लबातला नाही, पण त्याच नमुन्याचा माणूस आमच्या नात्यात आहे. माझे साडू. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी लोळवण्याचं. टेबलावर क्यू लोळवणं ही पारख नव्हे, चारचौघांत रुबाब करायची रीत आहे. कापडाला लव असते, खाली खडूची कणी असते, टेबल लेव्हलला असेलच याचा भरवसा नाही. शिवाय पूलच्या बहुतेक शाफ्टची, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाची, जाडी टिपपासून (टोकावरच्या चामड्याच्या गादीपासून) दहा-बारा इंच जवळपास सारखी असते आणि मग वाढत जाते. मग खाली कुठेतरी उजेड दिसणारच! त्या उजेडाकडे बोट दाखवून "बघा, बाक आलाय" म्हणणारे प्रत्येक पार्लरमध्ये भेटतात.

लोळवायचाच असेल तर तुकडे वेगळे करून लोळवा, आणि कापडावर नको, ग्रॅनाइटच्या ओट्यावर. शाफ्ट एकटा, बट म्हणजे मागचा जाड भाग एकटा (जोडाचा स्क्रू, म्हणजे पिन, कडेच्या बाहेर ठेवून), मग जोडून. दोन्ही एकटे शांत फिरतात आणि जोडल्यावर टोक नाचतं, तर लाकूड चांगलं आहे, जोडाची तोंडं बरोबर काटकोनात नाहीत. चांगला लेथवाला ते सुधारू शकतो. शाफ्ट एकटाच नाचत असेल तर मात्र लाकडानं बाक धरलाय, नवा शाफ्ट घ्या. आणि खरी पारख डोळ्यानं होते. सुतार फळी बघतो तसं बट गालाशी धरून, एक डोळा मिटून टिपपर्यंत नजर सोडायची, आणि क्यू पाव-पाव वेढा फिरवत राहायचा. बाक असेल तर एका बाजूला दिसतो, दुसऱ्या बाजूला गायब होतो.

आता साडू.

मेव्हण्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती, सांगलीत. गच्चीवरच्या खोलीत त्यानं आठ फुटी पूल टेबल बसवलेलं, म्हणून मी माझा क्यू घेऊन गेलो. माझा क्यू स्नूकरचा, ॲश लाकडाचा, इंग्लंडात बनलेला. मुंबईच्या एका जिमखान्यातून निवृत्त झालेल्या मार्करकडून, म्हणजे टेबलाजवळ गुण मोजणाऱ्याकडून, घेतलेला. (स्नूकरचा क्यू पूलला वापरू नये हे मलाही कळतं. पूलचे बॉल ५७ मिलिमीटरचे, स्नूकरचे साडेबावन्नचे, वजनातही फरक. ब्रेक, म्हणजे पहिला फटका, मी तिथल्याच क्यूनं मारतो. कमेंटमध्ये शिकवू नका.) साडूंनी त्यांचा क्यू आणला होता. अमेरिकन, मुलानं न्यू जर्सीहून आणलेला. त्याची किंमत ते दर वेळी वेगळी सांगतात.

साडू पुण्याचे. पुणे म्हणजे विल्सन जोन्सचं जन्मगाव. १९५८ साली त्यानं हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद जिंकलं, १९६४ साली पुन्हा. ही दोन्ही विजेतेपदं वारसाहक्कानं आपल्याकडे आली असावीत अशा थाटात साडू या खेळावर बोलतात. त्यांनी माझा क्यू घेतला, टेबलावर लोळवला, मान हलवली. मग बटवरचे काळे पॉइंट बघितले आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो जावईबापू, हे पॉइंट वर गोल आहेत. खऱ्या क्यूचे सुईसारखे असतात. कुणीतरी कोल्हापूरकरांना बरोबर हेरलंय."

लोक हसले. बायकोसुद्धा. वास्तुशांतीला धाकट्या जावयानं थोरल्या जावयाशी भांडायचं नसतं, म्हणून मी मठ्ठ्याचा पेला उचलला आणि गप्प बसलो.

पण आमचे आबा तिथेच खुर्चीवर बसले होते. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत बिडाचं ओतकाम व्हायच्या आधी जो लाकडी नमुना लागतो, तो बनवणारे. बीड थंड होताना शंभराला साधारण एक या हिशेबानं आकसतं, म्हणून त्यांची मोजपट्टीच नेहमीच्या पट्टीपेक्षा तेवढी लांब असते. अशा पट्टीवर हयात काढलेला माणूस. क्यू कधी हातात धरलेला नाही, स्नूकर कशाशी खातात ते माहीत नाही. त्यांनी माझा क्यू मागून घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि बटवरून अंगठा फिरवला.

"मधलं पांढरं लाकूड बुडापर्यंत गेलंय," ते म्हणाले. "त्याला चार बाजूंनी सपाटी करून काळ्या पट्ट्या चिकटवल्यात, आणि मग रंध्यानं गोल केलंय. सपाट जोड गोलात उतरवला की त्याची कड अशी कमानीसारखीच येणार. टोक काढायचं असतं तर खाच पाडायला लागली असती."

एवढंच. पण साडूंचा आणि तुमचाही घोळ नेमका इथेच आहे, म्हणून नीट सांगतो. इंग्लिश स्नूकर क्यूमध्ये हातानं जोडलेल्या बटचे पॉइंट वर गोलसर येतात, ते आबांनी सांगितलं त्याच कारणानं. मशीननं खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या बटचे पॉइंट टोकदार येतात, आणि तिकडे तोच स्वस्त माल धरतात. अमेरिकन पूल क्यूमध्ये हिशेब उलटा. तिथे चांगला कारागीर बटच्या वरच्या भागात इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडतो, त्यात लाकूड बसवतो आणि लेथवर उतरवतो. पॉइंट सुईसारखे निघतात. त्याच क्यूवर पॉइंट किंचित बोथट दिसले तर बहुधा संगणकावर चालणाऱ्या मशीननं वरवरचा खळगा कोरून तुकडा बसवलाय, कारण फिरतं गोल कटर टोकदार कोपरा काढू शकत नाही. म्हणजे एका खेळातली खूण दुसऱ्या खेळात बरोबर विरुद्ध सांगते. साडूंनी कुठेतरी अमेरिकन क्यूबद्दल वाचलं आणि माझ्या इंग्लिश क्यूला लावलं.

त्यातही गंमत बघा. मशीननं एकमेकांत बसवलेला तो जोड इंग्लंडात साधा समजतात, पण अमेरिकेत त्याच पद्धतीचे ब्रुन्सविक कंपनीचे 'टायटलिस्ट' क्यू संग्राहक शोधत फिरतात. ब्रुकलिनचे जॉर्ज बालाबुश्का, ज्यांचं नाव अमेरिकन क्यूच्या जगात सगळ्यात आदरानं घेतात, सुरुवातीच्या काळात हेच टायटलिस्टचे तयार ब्लँक, म्हणजे जोडून ठेवलेले कच्चे बट, घेऊन त्यावर आपलं काम करत. त्यामुळे 'हँडमेड' हा शब्द ऐकून पाकीट उघडू नका. कुठला भाग हातानं केला, ते विचारा.

तर पुढे. साडू म्हणाले, "मग आबा, आता आमचाही बघा." आबांनी बघितला. आठ पॉइंट, त्याभोवती लाल-हिरव्या कडा, दिसायला राजबिंडा. आबांनी तो ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवला, मेव्हण्याचं पेपर वाचायचं भिंग मागितलं, पुन्हा फिरवला.

"आठही अगदी सारखे आहेत," आबा म्हणाले.

"तेच तर!" साडू.

"केसाचाही फरक नाही. आणि उजेड फिरवला तरी याची चमक जागची हलत नाही. लाकूड असतं तर रेषेप्रमाणं कुठे उजळलं असतं, कुठे काळवंडलं असतं. भिंगातून ठिपके दिसतायत. छापलंय हो हे. चिकटवून वरनं लॅकर मारलंय."

खोलीत शांतता वगैरे पसरली नाही. खाली पंगत बसली म्हणून हाक आली आणि सगळे उठले. साडू आजही म्हणतात की ते 'वरचं कोटिंग' होतं. मी जेव्हा जेव्हा विषय काढतो तेव्हा बायको डोळे वटारते, म्हणून म्हटलं इथे लिहावं.

हे तुमच्या क्यूला लावून बघा. भिंग घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. पॉइंटमध्ये छपाईचे ठिपके आहेत का, दोन पॉइंटमधली रेषा हुबेहूब सारखी आहे का. खऱ्या लाकडाचे दोन तुकडे जुळे नसतात. पॉइंटची उंची थोडी कमी-जास्त असेल तर घाबरू नका, पण एका बाजूचे उंच आणि समोरचे ठेंगणे असतील तर ब्लँक लेथवर मध्यात धरला गेला नव्हता किंवा जोडल्यावर लाकूड हललं, असं समजा. ही मात्र खरी खोट.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर पूल क्यूचे पॉइंट हा शेवटी दागिना आहे. कारागिरी बघायची तर जोड उघडा. बट हातात गोल फिरवा आणि पिनचं टोक बघा. ते एका जागी राहिलं पाहिजे, घिरट्या घालता कामा नये. जोडताना शेवटच्या वेढ्यात दोन्ही तोंडं एकदम भिडली पाहिजेत, उजेडाची फट नको. जोडावरून नख फिरवलं तर अडकू नये. आबांचा नियम असा की रंग आणि नक्षी गिऱ्हाइकासाठी असते, जोड दुसऱ्या कारागिरासाठी.

मग शाफ्ट. मेपल लाकडाच्या रेषा टिपपासून जोडापर्यंत सरळ जायला हव्यात. रेष मध्येच कडेनं बाहेर पळाली असेल तर तिथे आज ना उद्या बाक येणार. बारीक तपकिरी ठिपके-रेघा असतात, त्या साखरेच्या खुणा, दोष नव्हे. घेणारे त्यावरून भाव पाडून घेतात, तुम्हीही पाडून घ्यायचा होता. शाफ्टचं वजन चार औंसांच्या आसपास, म्हणजे ११०-११५ ग्रॅम असेल तर लाकूड बरं आहे. पूर्ण क्यू बहुधा १८ ते २१ औंसांत असतो. किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १९ औंस म्हणजे ५४० ग्रॅमच्या जवळ भरतील.

बटचं रबर जमिनीवर हलकेच आपटा आणि कान लावा. घट्ट क्यू एकच ठोका देतो. आत काही झणझणलं तर बुडाचा वजनाचा बोल्ट सैल असू शकतो, रबर काढून आवळला की बहुतेक वेळा संपतं. तरीही झणझणलं तर आतला गोंद सुटलाय, आणि ते काम मोठं आहे.

टिपवरून क्यूची किंमत करू नका. टिप म्हणजे गाडीचा टायर, ती बदलायचीच असते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: क्यू तुम्ही पावसाळ्यात घेतलाय का? लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. फेरूल, म्हणजे टिपखालची कडी, तसं वागत नाही. म्हणून जुलैत फेरूलच्या कडेशी नखाला बारीक पायरी लागते आणि मार्चमध्ये लागत नाही, किंवा उलट. ती कारागिराची चूक नव्हे. विशेषतः परदेशातून आलेला क्यू आपल्याकडच्या पहिल्या पावसाळ्यात कुरकुरतोच. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, भिंतीला तिरका टेकवून महिनोन्महिने सोडू नका.

आणि वर जे बोथट पॉइंट म्हणजे मशीन असं ठोकून दिलं, त्यातही अपवाद आहेत. काही चांगले कारागीर मशीननं कोरून कोपरे हातानं टोकदार करतात, काही जाणूनबुजून गोलसर नक्षी काढतात. एवढ्या एका खुणेवरून विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

तुम्ही फसलात का, ते किंमत लिहिली नाहीत म्हणून सांगता येत नाही. पण खेळाचं म्हणाल तर स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीनं १९९० ते १९९९ मधली सातही जागतिक विजेतेपदं रेक्स विल्यम्सच्या नावानं विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त क्यूनं जिंकली, आणि तो क्यू २००३ साली विमानाच्या सामानात मोडला तेव्हा स्नूकरचं जग हळहळलं. आमच्या साडूंचा छापील पॉइंटवाला क्यूही शाफ्टला उत्तम होता. मेपल सरळ, जोड घट्ट. त्या संध्याकाळी त्यांनी मला त्याच क्यूनं हरवलं, हेही इथे लिहितो, नाहीतर ते स्वतः येऊन कमेंटमध्ये लिहितील.

गेल्या दिवाळीत त्यांनी कार्बन फायबरचा शाफ्ट मागवलाय. काळा कुळकुळीत, ना रेष ना गाठ. आबांच्या हातात दिला तर त्यांनी दोनदा उलटसुलट केला, परत दिला आणि विचारलं, "याचं काय बघायचं असतं?" साडूंना सांगता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर मलाही सांगा, आणि पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा पॉइंटचा नको, जोड उघडून दोन्ही तोंडांचा टाका.