साक्ष द्यायची घाई नको

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. दीड वर्षापूर्वी तुझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, दुकान बंद पडलं, मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन राहिलं. चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी 'घरात कबूल न केलेलं काही पाप असेल' असं सुचवलं. महिला मंडळातल्या बायका म्हणतात, 'देव तुला घडवतोय, येत्या सभेत साक्ष दे, देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांग.' आणि तू लिहितेस, 'मला प्रार्थनासुद्धा करवत नाही. डोळे मिटले की राग येतो. संकटात विश्वास वाढतो म्हणतात, माझा तर आटला. मी कुठे कमी पडले?'

आधी त्या पापाचं बोलू, कारण ते तुला आतून खातंय. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तीही इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती, असं त्याने स्पष्ट सांगितलं. बायबलमधल्या ईयोबाची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग बोलू लागले आणि त्याचं पाप शोधत राहिले. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. देवाबद्दल योग्य बोलला तो ईयोब, आणि ईयोब तर सारा वेळ देवाशी भांडत होता! त्या बाईंचं बोलणं मनातून काढून टाक. तुझ्या घरावर तसा ठपका ठेवायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

आता तुझा राग. बायबल उघड आणि ८८वं स्तोत्र मोठ्याने वाच. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे आशेला वळतात, हे वळत नाही. अंधाराचं नाव घेऊनच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं. देवाला जाब विचारणारा माणूस देवाशीच बोलत असतो, ताई. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे २२व्या स्तोत्रातले शब्द येशूनेही वधस्तंभावर उच्चारले. ज्या रात्री तेवढंही जमणार नाही, त्या रात्री नुसतं बसून राहा. आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो, असं प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो.

त्याच पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वचन तुला सगळे ऐकवत असतील: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. ऐकवणारे संकटावरून थेट आशेवर उडी मारतात. मधल्या दोन पायऱ्यांना वर्षं लागतात. पंडिता रमाबाईंचंच बघ. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुलीबायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. स्वतः भूक सोसलेली बाईच अशी धावून जाते. पण मध्ये वीस वर्षं गेली होती. आणि मुक्ती मिशन उभं राहावं म्हणून देवाने त्यांचे आईवडील नेले, असं कोणी म्हटलं तर मला ते सहन होणार नाही. पुढे १९२१ साली मनोरमाही गेली. विश्वासामुळे त्यांचं दुःख टळलं नाही.

म्हणून साक्ष देऊ नकोस, निदान आत्ता तरी. महिला मंडळाला सरळ सांग, 'साक्षीचं नंतर बघू, आत्ता मला मदत हवी आहे.' आणि मदत नेमकी माग: आठवड्यातून दोन दुपारी कोणीतरी येऊन भाऊजींजवळ बसावं, फिजिओथेरपीला न्यायला एखाद्याने गाडी आणावी. पक्षघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे सोडणारे चौघे आठवतात ना? येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाला त्याच्या विश्वासाबद्दल काहीच विचारलं नाही. तुझ्या घराची खाटही सध्या मंडळीने उचलायची आहे, त्यासाठीच तर मंडळी असते. पाळकबाईंशी तुझं पटतं असं लिहिलंयस, पहिला फोन त्यांनाच कर.

रात्रभर झोप लागत नाही असंही पत्रात एका ओळीत आलंय. ते डॉक्टरांना दाखव, उपवास-प्रार्थनेवर सोडू नकोस. आणि मुलीला पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची माहिती आत्तापासूनच काढायला सांग. मिशन हॉस्पिटलांच्या नर्सिंग शाळांमध्येही चौकशी करू दे. फीचं कसं जमवायचं ते पाळकांसमोर मोकळेपणाने मांड, त्यात लाज कसली?

तुझी,
मावशी